दैवाला पटावर घर नाही

१९८३ साली ऑस्ट्रियातल्या वेल्डेन या तळ्याकाठच्या गावात बुद्धिबळाच्या एका सामन्याचा निकाल जुगाराच्या चक्राने लावला. जगज्जेत्याला आव्हान कोणी द्यायचे हे ठरवणाऱ्या स्पर्धेची उपउपांत्य फेरी चालू होती. एका बाजूला बासष्टीतले माजी जगज्जेते वासिली स्मिस्लोव, दुसऱ्या बाजूला जर्मनीचे रॉबर्ट ह्यूबनर, एरवी प्राचीन पपायरसांवरची ग्रीक अक्षरे लावण्यात रमणारे विद्वान. दहा डाव झाले, बरोबरी. आणखी चार झाले, तरी सात-सात. आता नशिबावर सोडण्यावाचून मार्ग उरला नव्हता. गावात कॅसिनो होताच. रूलेटचे चक्र फिरवले तर पहिल्यांदा गोळी शून्यावर थांबली, म्हणजे लालही नाही आणि काळेही नाही. दुसऱ्यांदा लाल तीन आले. स्मिस्लोव पुढे गेले, उपांत्य फेरीही जिंकले आणि कास्पारोवसमोर अंतिम सामन्याला बसले.

बुद्धिबळाच्या मंडळींना हा किस्सा सांगताना अजूनही जरा ओशाळल्यासारखे होते. त्यात स्मिस्लोव यांचा दोष नाही, ह्यूबनर यांचा तर नाहीच. ओशाळायला होते ते खेळाच्या वतीने. सारीपाटात दान पडावे लागते, रमीत पाने यावी लागतात, क्रिकेटमध्ये नाणेफेक असते आणि पाऊसही. पटावर मात्र दोघांकडे सोळा-सोळा सोंगट्या, सगळ्या उघड्या, कुणाच्या मुठीत काही झाकलेले नाही. पांढरी बाजू आधी खेळते एवढीच तफावत. मोठ्या स्पर्धांच्या नोंदींत शंभरातले ५४-५५ गुण पांढऱ्याकडे जातात, ते तेवढ्यामुळे. बाकी जे घडते ते खेळणाऱ्यांनी घडवलेले. मग दैव म्हणतात ते या खेळात आहे की नाही? आणि नसेल, तर पराभवाचा सगळा भार हरणाऱ्याने एकट्यानेच वाहायचा का? प्रश्न पोथीतला वाटतो, पण सुट्टीच्या दिवशी कुठल्या ना कुठल्या गावच्या मंगल कार्यालयात पहिल्या फेरीत हरलेले नऊ वर्षांचे पोर तो जरा वेगळ्या शब्दांत विचारतच असते.

इराणात पहलवी भाषेतली एक छोटी कथा आहे. हिंदुस्थानच्या राजाने खुस्रो अनुशिर्वानच्या दरबारात बुद्धिबळाचा पट पाठवला आणि कोडे घातले: याचा अर्थ सांगा, नाहीतर खंडणी द्या. वजीर बुझुर्गमिहराने कोडे सोडवले, वर उत्तरादाखल फाशांचा नर्द रचून हिंदुस्थानला धाडला. त्यातला पट म्हणजे पृथ्वी, तीस सोंगट्या म्हणजे महिन्याचे दिवस आणि रात्री, फाशांचे फिरणे म्हणजे ग्रहताऱ्यांचे फिरणे. याला इतिहास म्हणता येणार नाही, पण कथेने केलेली वाटणी टिकली. दहाव्या शतकातला अरब इतिहासकार अल-मसूदी हीच वाटणी धर्मचर्चेच्या भाषेत सांगतो. त्याने नोंदवलेले मत असे, की बुद्धिबळ रचणारा माणूस इच्छास्वातंत्र्य मानणाऱ्यांपैकी असावा आणि नर्द रचणारा सगळे आधीच ठरलेले आहे असे मानणाऱ्यांपैकी.

हिंदुस्थानला परस्पर मिळालेल्या या प्रशस्तिपत्राने हुरळून जाऊ नये. अकराव्या शतकात अल-बिरूनीने इथे जे बुद्धिबळ पाहून लिहून ठेवले ते चौघांनी खेळायचे होते, आणि कोणती सोंगटी हलवायची हे फासे ठरवत. महाभारताची सगळी उलथापालथ तर द्यूतापासूनच सुरू होते. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, रामेश्वरात, शिव-पार्वती फासे खेळताना कोरले आहेत. ते शिल्प पाहून आलेल्या माणसाला देव फासे खेळत नाहीत असे कोणी सांगितले तर तो हसेल. उलट तमिळनाडूत मन्नारगुडीजवळच्या पूवनूरला शिवाचे जे मंदिर आहे तिथला देव चतुरंगात जिंकून राजकन्येला वरणारा. म्हणजे एकच महादेव महाराष्ट्रात नशिबाचा खेळ खेळतो आणि कावेरीच्या खोऱ्यात बुद्धीचा. आपल्या परंपरेने दोन्ही खेळ एकाच देवाच्या घरी नांदवले आणि कुठला खरा हे सांगायचे टाळले.

युरोपातल्या ख्रिस्ती धर्मपीठाला मात्र निकाल लावायची घाई होती. १०६१ च्या सुमारास कार्डिनल पीटर डेमियनने पोपना एक तक्रारीचे पत्र लिहिले. फ्लोरेन्सच्या बिशपला त्याने प्रवासात संध्याकाळी बुद्धिबळ खेळताना पकडले होते. बिशपने बचाव केला की बुद्धिबळ वेगळे आणि फासे वेगळे, बंदी आहे ती फाशांना. डेमियनने तो मानला नाही आणि प्रायश्चित्त सांगितले: स्तोत्रसंहिता तीनदा म्हणायची, बारा गरिबांचे पाय धुवायचे आणि त्यांना दान द्यायचे. आज वाचताना पारडे बिशपकडे झुकते. डेमियनच्या हट्टात मात्र एक तथ्य होते. फासा काढून टाकला म्हणून खेळातली आसक्ती जात नाही. फाशाने हरलेला माणूस निदान फाशाला शिव्या देऊन झोपी जातो. पटावर हरलेला रात्रभर तोच डाव उलटसुलट खेळत राहतो.

दैव मोठे की प्रयत्न, हा प्रश्न महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिरच भीष्मांना विचारतो. फाशांपायी राज्य, भाऊ आणि बायको पणाला लावून बसलेल्या माणसाने हा प्रश्न विचारावा यात व्यासांची खोच आहे. भीष्म त्याला ब्रह्मदेव आणि वसिष्ठ यांचा जुना संवाद ऐकवतात: दैव बी आहे आणि माणसाचा प्रयत्न शेत, एकाशिवाय दुसऱ्यातून काही उगवत नाही. उत्तर समजूतदार आहे, मध्यम मार्गाचे आहे, आणि पटावर फारसे उपयोगी नाही, कारण पटावर बी टाकणारा तिसरा कोणी दिसतच नाही.

योगवासिष्ठातले वसिष्ठ याहून कडक आहेत. तिथे ते रामाला सांगतात की दैव अशी स्वतंत्र वस्तूच नाही. पूर्वी केलेल्या प्रयत्नालाच लोक दैव म्हणतात. जुना प्रयत्न आणि आजचा प्रयत्न दोन एडक्यांसारखे एकमेकांना धडका देतात, ज्याची ताकद जास्त तो जिंकतो. बुद्धिबळ शिकवणाऱ्या मास्तरांनी हे प्रकरण मुलांना वाचून दाखवायला हरकत नाही, कारण पटावर त्याचा अर्थ डोळ्यांना दिसतो. प्यादे मागे येत नाही. बाराव्या चालीत उगाच एक घर पुढे ढकललेले प्यादे पंचेचाळिसाव्या चालीत, पटावर राजे आणि चार प्यादी उरली असताना, उघडे पडते आणि मरते. खेळणारा कपाळाला हात लावतो. पण ते कपाळ त्यानेच तासाभरापूर्वी लिहिलेले असते. सोंगटीला हात लागला की तीच खेळायची, हा नियमही याच तत्त्वाचा. मनात काय होते याला तिथे किंमत नाही.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक सबंध प्रकरण आहे. ज्या कर्माची फळे भोगायला सुरुवात झाली ते आरब्ध, ज्यांची झाली नाही ते अनारब्ध, अशी विभागणी तिथे भेटते. सुरू झालेले भोगावेच लागते. त्यापलीकडे माणसाला मोकळीक आहे. विसाव्या चालीला बसलेल्या खेळाडूची अवस्था नेमकी अशी असते. मागच्या एकोणीस चाली त्याच्या हातच्या, पण आता हाताबाहेर गेलेल्या. समोर जे आहे त्यातूनच पुढची चाल काढायची.

इथे गणिताने एक वेगळीच पाचर मारून ठेवली आहे. जर्मन गणिती एर्न्स्ट झर्मेलो याने १९१३ साली दाखवून दिले की अशा खेळात तीनपैकी एक गोष्ट आधीच खरी असते: एकतर पांढऱ्याला खात्रीने जिंकता येते, किंवा काळ्याला, किंवा दोघांनाही निदान बरोबरी राखता येते. कोणती, हे कळलेले नाही. पटावर राजांसह सात किंवा त्याहून कमी सोंगट्या उरल्या की तेही कळते. अशा सगळ्या स्थितींचे निकाल संगणकांनी मोजून ठेवले आहेत. म्हणजे इच्छास्वातंत्र्याचा म्हणून गाजलेला हा खेळ सर्वज्ञाच्या नजरेतून पाहिला तर पहिल्या चालीआधीच संपलेला आहे. अल-मसूदीने ज्याचे मत नोंदवले त्या माणसाला हे कळले असते तर बुद्धिबळ आणि नर्द यांच्या जागा त्याला अदलाबदल करून लिहाव्या लागल्या असत्या.

हरलेल्या मुलाला यातून दिलासा मिळावा असे कोणाला वाटेल, पण उलटेच होते. पूर्वी डाव संपला की संपला. आता बाप खिशातून फोन काढतो, चाली भरतो, आणि दोन सेकंदांत इंजिन सांगते की सत्ताविसाव्या चालीला पोरगे जिंकत होते. सर्वज्ञ आता पँटच्या खिशात मावतो आणि त्याला दयामाया नाही.

स्पर्धेच्या हॉलबाहेर थोडा वेळ उभे राहिले की माणूस दैवाला किती ठिकाणांहून बोलावून आणतो ते ऐकू येते. पंख्याची हवा थेट डोक्यावर येत होती. समोरचा सारखा पेन वाजवत होता. घड्याळाचे बटण जड होते. रात्रीची बस उशिरा पोचली. शेजारच्या पटावरचा मुलगा शिंकत होता. यातले बरेचसे खरेही असते. पण गंमत अशी, की जिंकलेला खेळाडू कधी म्हणत नाही की समोरच्याच्या डोक्यावर पंखा होता म्हणून मी जिंकलो. जय स्वतःच्या कर्तृत्वाने आणि पराजय परिस्थितीने, ही वाटणी बुद्धिबळात जितकी उघडी पडते तितकी दुसऱ्या कुठल्या खेळात पडत नाही, कारण चाली लिहिलेल्या असतात. ती कागदाची पट्टी कुणालाही वाचता येते.

म्हणून पराभव इथे अंगावर येतो. लहान मुले रडतात ती शिल्ड गेली म्हणून नव्हे. शिल्ड मिळणार नाही हे त्यांना पहिल्याच फेरीत ठाऊक असते. दुसऱ्या कुणामुळे आपण हरलो असे म्हणायला जागा उरत नाही, हे त्या वयाला झेपत नाही. मोठ्यांनाही झेपत नाही. त्यांना फक्त न रडता शेजारच्या टपरीवर चहा घेता येतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात या ठिकाणी उपयोगी पडेल असे एक विश्लेषण आहे. कुठलेही कर्म घडायला पाच कारणे लागतात: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवे दैव. शिवाय पुढे म्हटले आहे की असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची समज अपुरी आहे. कीर्तनातून हे सहसा अहंकार सोडावा म्हणून सांगितले जाते, म्हणजे जिंकणाऱ्यासाठी. पण ते हरणाऱ्यासाठीही तितकेच आहे, किंबहुना अधिक. पराभवाचा एकमेव कर्ता मीच, हाही अहंकारच असतो, फक्त उलट्या तोंडाचा.

पटापुरते पाहिले तर पाचातले एकच कारण, कर्ता, ठळक दिसते. चौसष्ट घरांवरून नजर उचलून स्पर्धेकडे पाहिले की बाकीची चार दिसू लागतात.

अधिष्ठान घ्या. पट सगळ्यांना सारखा असतो. पटापर्यंतची वाट सारखी नसते. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली तेव्हा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स ऑइवे यांना सांगावे लागले की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. त्या स्पर्धेत तिने तीन राज्यांच्या विजेत्यांना हरवले. त्यांना हरवण्याचे श्रेय निर्विवाद तिचे. पण खुर्चीवर बसता येणे हे न्यायाधीश, ऑइवे, आणि घरात तीन मुलींना पटावर बसवणारे वडील, ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर, या सगळ्यांनी मिळून घडवलेले कर्म होते. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींनी महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेची पहिली कित्येक वर्षे आपसांतच वाटून घेतली. अशाच तीन मुली त्या काळात आणखी कुठल्या घरात असतीलही. त्यांच्या घरी पट नव्हता.

खाडिलकर घराण्याचे मूळ गाव सांगली, आणि सांगलीचे नाव बुद्धिबळाशी जोडले गेले ते भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे स्पर्धा भरवण्याची परंपरा दीर्घ आहे. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे ही नावे त्याच गावाच्या वातावरणातली. अशा मंडळाचे काम लांबून फार साधे दिसते: टेबले लावायची, घड्याळांचे सेल बदलायचे, हरवलेले काळे प्यादे शोधायचे, बाहेरगावच्या पोरांची झोपायची सोय पाहायची, देणगीदाराचे भाषण आवरते घ्यायचे. गुण मात्र खेळाडूच्या नावापुढे लागतो. सतरंज्या उचलणाऱ्याच्या नावापुढे काही लागत नाही, आणि त्याची तक्रारही नसते. गीतेतल्या निरनिराळ्या हालचाली यापेक्षा वेगळ्या काय असणार?

क्लबच्या स्पर्धांत कधी कधी दृष्टिहीन खेळाडूही डोळसांबरोबर बसतात. त्यांचा पट वेगळा असतो: काळी घरे किंचित उंच, प्रत्येक घराला भोक, सोंगटीला खाली खुंटी, आणि रंग बोटांना कळावा म्हणून सोंगटीवर खूण. दोघे आपापल्या पटावर खेळतात आणि चाल मोठ्याने सांगतात. समोरच्याने चाल नीट उच्चारली नाही तर डावच चालत नाही. एरवी प्रतिस्पर्धी हा अडथळा असतो. इथे तोच साधन होतो.

पाचव्या कारणाची, दैवाची, सगळ्यात झणझणीत गोष्ट रुस्लान पोनोमारिओव यांच्या नावावर आहे. ११ ऑक्टोबर २००३ रोजी बल्गेरियातल्या प्लोवदिवला युरोपीय सांघिक स्पर्धेत ते खेळत होते आणि त्यांचा फोन वाजला. नियमाप्रमाणे डाव तिथेच गेला. त्या दिवशी त्यांचा विसावा वाढदिवस होता. फोन बंद न करणे ही चूक त्यांचीच, हे खरे. वसिष्ठ त्यांना सोडणार नाहीत. पण आपल्यावर माया करणाऱ्याने नेमक्या त्या मिनिटाला नंबर फिरवावा, याला पूर्वीचा प्रयत्न म्हणायचे तर फारच ओढाताण करावी लागते.

रेटिंगच्या गणितातही दैवाला एक कोपरा राखून ठेवला आहे. हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे आर्पाद एलो यांनी ही पद्धत बसवली आणि १९७० साली जागतिक संघटनेने ती स्वीकारली. दोन खेळाडूंमध्ये ४०० अंकांचा फरक असेल तर वरच्याने शंभर डावांत साधारण ९१ गुण मिळवावेत, असे तिचे गणित सांगते. उरलेले नऊ गुण खालच्याचे. एलो सरांनी त्या नऊ गुणांना दैव म्हटले नसते. ताकद रोज सारखी नसते, ती वरखाली होते, एवढेच त्यांचे म्हणणे. पण नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकला तेव्हा तिचे मानांकन पंधरावे होते आणि ग्रँडमास्टर होण्यासाठी लागणारा एकही नॉर्म तिच्याकडे नव्हता. अंतिम सामन्यात कोनेरू हम्पीबरोबरचे दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले, मग जलद डावांत निकाल लागला आणि त्या विजयाने दिव्या थेट ग्रँडमास्टर झाली. हे नशीब होते असे म्हणणे एकोणीस वर्षांच्या मुलीवर अन्याय होईल, आणि नशीब अजिबात नव्हते असे म्हणणे हम्पीवर. शेवटच्या डावात हम्पीच्या घड्याळात वेळ संपत आला होता. घड्याळ दोघींनी मिळून चालवले होते.

मंगल कार्यालयातल्या स्पर्धेत कोणी कुणाशी खेळायचे हे स्विस पद्धतीने ठरते. १८९५ साली झुरिकला ती पहिल्यांदा वापरली गेली. बाद फेरीसारखे यात हरलेल्याला घरी जावे लागत नाही. जिंकलेल्याची गाठ जिंकलेल्याशी पडते आणि हरलेल्याची हरलेल्याशी, आणि शेवटच्या फेरीपर्यंत प्रत्येकाला पट मिळतो. संध्याकाळी शेवटच्या टेबलांवर शून्य गुणांची दोन मुले तितक्याच तन्मयतेने भांडत असतात. एकाला पहिला गुण मिळणार असतो. खेळाडूंची संख्या विषम असली तर तळाच्या एकाला बाय मिळतो, म्हणजे समोर कोणी नसताना फुकटचा गुण. त्याने त्यासाठी काही केलेले नसते, फक्त तळाला असतो. आणि गंमत म्हणजे मुलांना हा गुण नको असतो. बाय मिळालेले मूल हिरमुसून बाहेर येते. खेळायला मिळाले नाही याचे दुःख गुण मिळाल्याच्या आनंदाहून मोठे असते. निष्काम कर्माचा एवढा साफ दाखला पोथ्यांत शोधून सापडायचा नाही.

डाव संपल्यावर बाजूच्या खोलीत दोघे मिळून तो पुन्हा मांडतात. याला सगळे पोस्टमॉर्टेमच म्हणतात. घटकाभरापूर्वी एकमेकांना संपवायला निघालेले दोघे आता एकाच बाजूने विचार करू लागतात. घोडा तिथे नेला असता तर, हत्ती आधी आणला असता तर. तिसरा येऊन डोकावतो, चौथा सोंगटीला हात घालतो, एखादे आजोबा १९७० च्या कुठल्या तरी डावाची आठवण काढतात आणि सगळे सौजन्याने ऐकून घेतात. हरलेल्याचा भार इथे उतरतो. कोणी त्याचे सांत्वन करत नाही; त्याची चूक चौघांच्या कुतूहलाचा विषय होते, म्हणजे ती आता त्याच्या एकट्याची राहत नाही. फोनमधले इंजिन उत्तर देते ते बरोबर असते, पण ते कुणाबरोबर बसत नाही. क्लब अजून टिकून आहेत याचे कारण शिकवणी किंवा बक्षिसे नसून ही खोली आहे.

आणि मग टायब्रेक. समान गुण झालेल्यांत वरचा कोण, हे ठरवायला बहुतेक ठिकाणी बुखोल्झ वापरतात. ब्रुनो बुखोल्झ यांनी १९३२ मध्ये सुचवलेली ही रीत सोपी आहे: तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्या सगळ्यांचे गुण मिळवायचे, ज्याची बेरीज जास्त तो वर, कारण त्याला बळकट प्रतिस्पर्धी भेटले. युक्ती न्याय्य आहे. पण तिचा एक परिणाम असा, की तुमचा डाव संपल्यावरही तुमचे काम संपत नाही. ते दुसऱ्यांच्या हातून चालू राहते. सकाळी ज्याने तुम्हाला हरवले त्याने दुपारभर जिंकत राहावे, यात आता तुमचा स्वार्थ असतो. पहिल्या फेरीत रडलेला मुलगा पाचव्या फेरीत त्याच प्रतिस्पर्ध्याच्या पटामागे चवड्यांवर उभा राहून त्याच्या विजयाची वाट पाहताना दिसतो. हे औदार्य नव्हे, तो बेरीज करत असतो. पण आपला शत्रू जिंकावा असे मनापासून वाटायला लावणारी दुसरी व्यवस्था चटकन आठवत नाही. गीतेचे पाचवे कारण इथे आकाशातून येत नाही. ते चाळिसाव्या पटावरून येते, जिथे तुमचा जुना प्रतिस्पर्धी एका अनोळखी मुलीशी हत्ती-प्याद्यांचा शेवट खेळत असतो.

समजा आठ फेऱ्यांची स्पर्धा आहे आणि दोन मुलींचे साडेसहा-साडेसहा गुण आहेत. एकीची बेरीज ३८, दुसरीची साडेअडतीस. फरक का, तर पहिलीच्या एका प्रतिस्पर्ध्याने शेवटच्या फेरीत जिंकता येणारा डाव दमून बरोबरीत सोडला. त्या अर्ध्या गुणाने तिसरा क्रमांक चौथा होतो, आणि शिल्ड तिघांनाच असते. मग वडील पंचांच्या टेबलापाशी येतात. पंच त्यांना परिपत्रक दाखवतात, टायब्रेकचा क्रम आधीच छापला होता. मग सांगतात की सगळ्यात कमी गुणांचा प्रतिस्पर्धी वगळून मोजण्याचीही एक रीत आहे, बऱ्याच ठिकाणी तीच आधी लावतात, पण इथे क्रम वेगळा होता. वडिलांना हे सगळे नको असते. त्यांनी आठही डावांच्या पट्ट्या जपून आणलेल्या असतात. माझ्या मुलीने नेमकी कुठे चूक केली ते सांगा, एवढेच ते म्हणतात.

कुठेच नाही, असे पंच सांगतात. वडील क्षणभर पट्ट्यांकडे पाहतात, त्या घडी घालून खिशात ठेवतात आणि पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेची नोंदणी कुठे करायची ते विचारतात.